टेलरकाकांचं तिसरं बटण

अर्धांगवायूचा रुग्ण दवाखान्यापेक्षा घरी लवकर सुधारतो, हे सत्य पूर्वीपासूनच होतं. खाटा कमी पडू लागल्यावर ते सिद्धही झालं. त्यानुसार सरकारी योजना निघाली आणि टेलरकाकांना लवकर घरी सोडण्यात आलं. पुढचे उपचार घरच्या घरी, आणि सूत्र अगदी सोपं: रुग्णाचं काम रुग्णाला करू द्यावं, त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबावं. (खर्च नाही, दुष्परिणाम नाहीत. अंमलबजावणीही नाही, पण ते पुढे येईल.)

काकांचा उजवा हात जड झाला होता आणि शब्द ओठांपर्यंत येऊन रेंगाळत होते. जन्मभर लोकांच्या शर्टांना बटणं लावलेल्या या माणसाला आता एकच हवं होतं: आपल्या शर्टाचं बटण आपल्या हातानं लावायचं. फिजिओथेरपीच्या बाईंनी तेच उद्दिष्ट ठरवून दिलं. घरच्यांनी माना डोलावल्या. इतक्या एकमतानं माना डोलावणारं घर मिळायला नशीब लागतं.

कारण घर प्रेमळ होतं. काकांचा हात बटणाकडे निघाला की काकूंचा तिथे आधीच पोचलेला असे. "अहो, असू द्या, मी आहे ना," असं त्या म्हणत, आणि त्या खरोखरच असत. व्यायामाचा रबरी चेंडू कसा दाबायचा हे मुलानं बाबांना दाखवायला घेतलं. तो अजून दाखवतोच आहे (टीव्हीसमोर, बातम्या संपेपर्यंत). जिभेचे व्यायाम सुनेनं तोंडपाठ केले. काका "पा..." म्हणाले की पाणी येई, पावडर येई, पायाखाली उशी येई. पांघरूण नको, हे सांगेपर्यंत पांघरूणही आलेलं असे.

महिन्याभरानं बाईंनी प्रगती तपासली. मुलाची पकड भक्कम झाली होती. सुनेचे उच्चार रेडिओवर शोभावेत असे होते. काकू न बघता बटणं लावत होत्या. काका होते तिथेच होते. पण सरासरी काढली तर घर पाऊणपट सुधारलं होतं, आणि योजना सरासरीवरच चालतात. तेव्हा या घराला 'आदर्श शुश्रूषा कुटुंब' हा सन्मान जाहीर झाला.

सत्काराला सगळे गेले. काकांजवळ दुसरं कुणीतरी थांबलंय, असं प्रत्येकाला वाटलं. घर रिकामं आहे हे कळल्यावर काकांना आधी भीती वाटली. मग बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

डाव्या हातानं त्यांनी तिसरं आणि त्याखालची बटणं काढली आणि तिसरं लावायचं काम उजव्या हातावर सोपवलं. बोटं ऐकेनात. बटण निसटे, पुन्हा सापडे, पुन्हा निसटे. इतकी घट्ट काजं करणाऱ्या कारागिराला त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. शर्ट त्यांनीच शिवलेला होता. (शिव्या मात्र न अडखळता आल्या.) उन्हं कलली तेव्हा बटण काजात गेलं. चौथ्या काजात. असं बटण लावणाऱ्या कामगाराला त्यांनी दुकानात उभं केलं नसतं. आज ते आरशासमोर बसून त्या वाकड्या शर्टाकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सन्मानचिन्ह घेऊन मंडळी परतली. "अगं बाई, यांना असंच बसवून ठेवलंत?" म्हणत काकूंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आत ते बटण काढून सगळी बटणं नीट लावलीसुद्धा.

काका म्हणाले, "ते... मी..."

"मी एकटाच होतो म्हणतायत," मुलगा म्हणाला.

"भूक लागलीये त्यांना," म्हणत सून स्वयंपाकघरात गेली.

सुदैवानं वाचक समंजस आहेत. काकांना 'ते मी लावलं होतं' असं म्हणायचंय, हे आपण केव्हाच ओळखलंत आणि मनातल्या मनात वाक्य पुरंही करून टाकलंत. काका अजून 'मी'वरच आहेत. पुढे काय म्हणणार होते, कोण जाणे. या, आत या. सन्मानचिन्हावर आणखी एका नावापुरती जागा आहे.