वाघाच्या मंजुरीने वाघाची खबर

एका जंगलात, बाळांनो, गोदू नावाची एक वानरी राहायची. तिची नजर फार तीक्ष्ण. गवतात वाघाची शेपटी हलली की ती शेंड्यावरून "खॅक् खॅक्" ओरडायची. ऐकणारे पळायचे आणि वाचायचे.

पुढे जंगल सुधारलं. झाडावर बसून नुसतं ओरडणं गावंढळ ठरलं. "अगं, एक्स्टेंशन काढ," सगळे म्हणू लागले.

एक्स्टेंशन म्हणजे दुसऱ्याच्या घराला आपण जोडलेली पडवी. राबायचं आपण, भिंत त्याची. अशी पडवी दोन ठिकाणी जोडता यायची. चितळांच्या कळपाचं स्वतःचं अ‍ॅप होतं, पण तिथली पडवी फक्त चितळांच्या कामाची. पाणवठ्यावर ब्राउझर होता. तिथे सगळीच जनावरं यायची.

गोदू आधी कळपाचे म्होरके शिंगाडेराव यांच्याकडे गेली.

"कल्पना छान आहे, गोदूताई," ते म्हणाले. "फक्त आमच्या मंडळींचा चरण्याचा अनुभव बिघडायला नको. 'वाघ' हा शब्द टाळा."

"मग काय म्हणू?"

"'नवीन पाहुणे' म्हणा."

गोदू पाणवठ्यावर गेली. पाणवठ्याचा मालक कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. वाघोबा. पाणी त्याने सगळ्यांना फुकट ठेवलं होतं. का, हे कुणी विचारत नसे.

वाघोबाने तिचा अर्ज मन लावून वाचला. "सुरक्षितता हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, बाई. फक्त ओरडण्याआधी मला कळवायचं. मी मंजूर केलं की खुशाल ओरड."

"मंजुरीला वेळ किती लागतो?"

"फार नाही. एका उडीएवढा."

गोदूने मोहाच्या दोन पानांवर दोन्हीकडचे फायदे लिहिले. तीन दिवस ती पानं उलटसुलट करत बसली. पाणवठ्यावर सगळं जंगल आपलं ऐकेल, या विचाराने ती हुरळून गेली. चौथ्या दिवशी शेंडा सोडून ती पाणवठ्याच्या खांबावर येऊन बसली.

सगळ्यांनी गोदूची पडवी लावून घेतली. पाणी पिताना मान वर करून बघायची सवय हळूहळू सुटली. गोदू आहे ना, मग आपण कशाला बघायचं?

एका दुपारी ठिपकी नावाची हरिणी आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. गवत हललं. गोदूने घशाशी आलेलं खॅक् गिळलं आणि नियमाप्रमाणे हळूच कळवलं, "गवतात वाघ आहे. ओरडू का?"

"तपासतो," गवतातून उत्तर आलं.

थोड्या वेळाने मंजुरी आली. गोदू जीव तोडून ओरडली. तोवर पाडस गेलं होतं.

मला इथे वाघाचा राग येत नाही, बाळांनो. तो वाघच होता. मला गोदूचा राग येतो, कारण घसा तिचा होता.

ठिपकी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने अभिप्राय लिहिला. गोदूला एक तारा दिला. 'आवाज उशिरा येतो.' पाणवठ्याला पाच दिले. पाणी खरोखरच गार होतं.

तात्पर्य: पडवी कुठे जोडायची याचा डेव्हलपरने नीट विचार करावा. कळपात जोडली तर वाघाला पाहुणा म्हणावं लागतं, पाणवठ्यावर जोडली तर वाघाला विचारावं लागतं. झाडावर मात्र मुळीच बसू नये. तिथून जीव वाचतात, पण तारे कुणी देत नाही.