मंगळासारखी माती

"क्रांती, आधी खाली बस!" फोनवर डॉ. स्नेहल इंगवले ओरडल्या. "तुझ्या मातीत सेंद्रिय रेणू सापडलेत! गंधकाचेही! मंगळासारख्या मातीत असं काही निघेल, असं संघात कुणालाच वाटलं नव्हतं!"

क्रांती खाडे खाली बसली नाही. उलट पलंगावर चढली. कोल्हापूरच्या एका कॉलेजात ती भूगोल शिकवायची आणि सुट्टीत आजऱ्याजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, दगड फोडत हिंडायची. तिथली लाल माती मंगळावरच्या मातीच्या जवळची आहे, असं तिचं म्हणणं. सौरमाला संशोधक संघानं तिचं ऐकून घेतलं होतं आणि नमुना बेंगळुरूला डॉ. इंगवलेंच्या प्रयोगशाळेत मागवला होता. आता रविवारी अकरा वाजता संघाचे दोनशे शास्त्रज्ञ ऑनलाइन तिला ऐकणार होते. आवडलं तर सभासदत्व नक्की.

"आण्णा, माझी माती पास झाली!"

तिचे वडील आकाराम चप्पल न घालताच बाहेर पळाले. तासाभरात अख्ख्या कळंबा गावाला कळलं. शनिवारी चौकात फ्लेक्स लागला: 'मंगळकन्या क्रांती'. त्यावर क्रांतीचा फोटो लहान होता आणि आकारामांचा मोठा. तालमीच्या पोरांनी हॉलमध्ये पडदा बांधला, स्पीकर आणले. "पावणं, रविवारी यायचं बरं का! पोरगी मंगळावर बोलणार हाय!" असं आकाराम दिसेल त्याला सांगत सुटले. अभिनंदनाच्या फोनांनी वैतागून क्रांतीनं मोबाइल बंद करून टाकला.

रविवारी सकाळी आकाराम न्याहारीला बसले. बायकोनं वाढलेल्या भाकरीचा घास घेतला आणि थांबले.

"शालू, चटणी कसली केलीस? ना तिखट, ना मीठ. नुसती कचकच हाय की."

"नवा डबा काढलाय. नीट चावून खावा."

क्रांतीच्या हातातला कप तसाच राहिला. तिनं डब्यात बोट घातलं, जिभेला लावलं. माती! अस्सल सड्यावरची माती!

"आई, टपालात कुठला डबा दिलास?"

"लाल डबा टाक म्हणालतीस की. दोन्हीत लालच हुतं. त्यात मी काय करू?"

म्हणजे प्रयोगशाळेत कांदा-लसूण चटणी गेली होती. गंधक लसणाचं होतं.

"पोटात दुखतंय म्हणून सांग," आकाराम म्हणाले. "मला खरंच दुखायला लागलंय."

"न्हाय आण्णा. चुकीचं छापून आलं तर जन्मभर कुणाला तोंड दाखवू?"

अकरा वाजता तालीम खच्चून भरली होती. क्रांती पडद्यापुढं उभी राहिली. "सर, तो नमुना माती नव्हती," ती एका दमात म्हणाली. "आमच्या घरची चटणी होती. चूक माझी. डब्यावर चिठ्ठी लावली नव्हती."

तालमीत शिट्टी मारायला तोंडात घातलेली बोटं तशीच राहिली. पडद्यावर संघाचे अध्यक्ष डॉ. राजवर्धन घोरपडे पुढं झुकले.

"मग खरी माती कुठंय?"

"थोडी डब्यात हाय," आकाराम मागून ओरडले. "थोडी माझ्या पोटात!"

आधी तालीम हसली, मग पडद्यावरचे दोनशे चेहरे.

"खाडेबाई, डब्यातली माती पाठवा," अध्यक्ष म्हणाले. "एवढ्या लोकांपुढं खरं सांगणारा माणूस संघाला हवाच आहे. सभासदत्व दिलं. इंगवले, तुमच्याकडचा उरलेला नमुना यांना परत करा."

स्नेहलबाईंनी मान खाली घातली. "उरला नाही, सर."

"अर्धा किलो?"

"काल डबा पुन्हा उघडला तेव्हा वासानं शंका आली. खात्री करायला भाकऱ्या मागवल्या. हिला सकाळपासून फोन करतेय, लागतच नाही."

"म्हणजे सगळ्या प्रयोगशाळेनं खाल्ली?"

"दही घालून, सर."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"आणि मला कुणी बोलावलं नाही?"