खंडेनवमीला पडलेला सर्व्हर

हे लिहायचंच नव्हतं. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी म्हटलं, लोकं नुसत्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावत्यात, आपण एवढं मोठं काम करून गप का बसायचं?

तर ऐका. पणदऱ्याकडच्या एका दूध डेअरीचा सर्व्हर मी उभा केलाय. मी! कुठल्या कॉलेजात न्हाय, उसाला पाणी धरता धरता मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. कुणाचं दूध किती, फॅट किती, सगळं त्यात. डेअरीचा क्लार्क सूरज माझा जिगरी दोस्त. त्यानंच चेअरमन आप्पासाहेबांना छातीठोक सांगितलेलं, "पोरगं वाघ हाय!" सूरज टेंपररी होता, दिवाळीला कायम व्हायचा होता.

खंडेनवमीला सकाळचं दूध घेऊन झालं आणि काटा, कॅन, फॅटचं मशीन, सगळ्यांची पूजा मांडली. सर्व्हरलापण झेंडूची माळ! मी म्हटलं, "आप्पासाहेब, थांबा, मी नीट बंद करतो." तवर त्यांनी प्लगच उपटला!

"आरं, जुंपलेल्या बैलाला कुणी ओवाळतं व्हय?"

पूजा झाली. सर्व्हर चालू केला. डेटाबेस उठेना!

डेटाबेस असा दणकन पडला की उठताना आधी स्वतःला चाचपतो. चक्कर येऊन पडलेला माणूस कसा, मी कुठं हाय, चप्पल कुठं गेली, खिशात मोबाईल हाय का, तसा. ह्याला रिकव्हरी म्हणत्यात. आमचा गडी चाचपायला लागायचा आणि मधीच गपकन मरायचा. परत उठायचा, चाचपायचा, मरायचा!

आप्पासाहेब म्हणाले, "संध्याकाळच्या दुधाआधी हे उठलं न्हाय, तर पुण्यासनं कंपनी आणणार. आणि सूरजराव, तुमचं कायम व्हायचं तुमच्या वाघाला विचारा!"

सूरजचं तोंड फाटलेल्या दुधासारखं झालं.

मी रॅम काढून खोडरबरनं घासली. पंख्यातलं हळदीकुंकू ब्रशनं झाडलं. डिस्क तपासली, ठणठणीत! तवर संध्याकाळचं दूध घालायला दगडाबाई कॅन घेऊन दारात.

"उठलं का रं मढं?"

"मढं न्हाय मावशी, रिकव्हरीत हाय!"

"मग सलाइन लाव की!"

आप्पासाहेबांनी दुसरा नारळ फोडला. नासका निघाला. माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मीच आत शिरून नासवला!

मग मी बसून प्रत्येक मरण नीट बघितलं. आणि डोक्यात ट्यूब पेटली! डेटा खराब असता तर गडी दरवेळी एकाच जागी अडकून मेला असता. हा मरायचा वेगवेगळ्या जागी, पण तेवढ्याच वेळानं! म्हंजे तो मरत नव्हता. त्याला कुणीतरी मारत होतं!

मी खुर्चीवर उभा राहिलो. "आप्पासाहेब, हा घातपात हाय!"

डेअरीत गलका! कुणी म्हटलं समोरच्या डेअरीचं काम. कुणी म्हटलं इलेक्शनला पडलेल्या पॅनेलचं. एकानं तर शटरच ओढलं, "चोर भाईर जाया नको!" दगडाबाईनं कॅनचं झाकण ढालीसारखं धरलं. मी रुबाबात बटणं दाबली आणि मारेकऱ्याचं नाव स्क्रीनवर आलं.

राखण्या.

मी गुमान खुर्चीवरनं खाली उतरलो.

राखण्या हा प्रोग्रॅम. लिहिलेला मीच! उन्हाळ्यात डेटाबेस सारखा झोपायचा, म्हणून त्याच्यावर पहाऱ्याला बसवलेला. काम एकच. डेटाबेसला हाक मारायची, दोन मिनिटांत ओ आली न्हाय तर ठार करून नव्यानं उठवायचं. बिचारा डेटाबेस चाचपायच्या नादात ओ देत नव्हता. आणि पहारेकरी एवढा इमानदार की दरवेळी टाळकं फोडत होता!

गुपचूप राखण्याला बंद केलं. डेटाबेस चाचपत राहिला, चाचपत राहिला... आणि उठला! सकाळचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत जाग्यावर! टाळ्याच टाळ्या!

"कोण रं हा राखण्या?" आप्पासाहेब गरजले.

"आप्पासाहेब, खरं सांगतो. राखण्या माझाच हाय."

"तुझा? म्हंजे भावकीतला!"

"न्हाय हो, मीच त्याला हितं बसवला..."

"बास! आपला माणूस चुकला तर पोरगं चारचौघांत नाव घेतंय, वर सगळं स्वतःवर ओढून घेतंय! सूरजराव, तुमी आजपासनं कायम. आणि ह्या वाघाचा दिवाळीत सत्कार!"

दगडाबाईनं पदरानं डोळं पुसलं. "त्या राखण्याला लई मारू नगा रं. कुणाचं तरी लेकरू असंल."

बाहेर आल्यावर सूरजनं माझी कॉलर धरली. त्याला सगळं कळलं होतं.

"तू जेवढं खरं सांगतोस, तेवढा तुझा हार मोठा व्हतोय. आता सत्कारात भाषण केलंस, तर तुझा पुतळा बसवतील आणि मला वर्गणी गोळा करायला लावतील!"

म्हटलं, "सूरज, शब्द देतो. शाल घेईन, नारळ घेईन, हार पण वाकून घालून घेईन. पण माईकला हात लावणार न्हाय!"