बगलेत उंदराचा मेंदू

माझ्या मुलीच्या लग्नात बनकर सरांनी अक्षता डाव्या हाताने टाकल्या. उजवा हात अंगाला घट्ट चिकटलेला. व्याही हात जोडून पुढे आले, तर सरांनी नुसती मान हलवली. "पाव्हणे लई ताठ दिसतात," व्याही पुटपुटले. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की पाहुण्यांच्या बगलेत बाटली आहे आणि बाटलीत उंदराचा मेंदू!

सर आमचे शेजारी. मूळचे केदारखेड्याचे, इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. उंदराच्या मेंदूच्या मधल्या भागात काही पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात आणि त्यातून शेजारच्या पेशींना निरोप धाडतात; सरांचा सगळा अभ्यास याच पेशींवर. मेंदूचे पातळ काप रंगाच्या पाण्यात, अंधारात, अंगाइतक्या उबेत ठेवले की नेमक्या तेवढ्याच पेशी निळ्या होतात. लग्नाच्या दिवशी लाइट गेली आणि कॉलेजातली उबेची पेटी बंद पडली. "मंग काय, अंगाइतकी ऊब अंगातच असती की," सर म्हणाले. "अंधार बी बराबर मिळतो."

जुन्या जालन्यातले धान्याचे व्यापारी त्यांना उंदीर मारायचं औषध विचारतात, आणि सर त्यांना उंदराचा मेंदू समजावत बसतात. आमच्याकडे जेवायला आले की काकडीची चकती उजेडात धरून बघतात. "वहिनी, काप जरा जाड झाले." माझी बायको त्यांना आता अख्खं गाजर वाढते.

या महिन्यात सर रिटायर होणार. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा, तो तिथंच राहणार. त्याआधी एका तरी माणसाने आपल्या निळ्या पेशी बघाव्यात, एवढीच त्यांची इच्छा. "या न एकदा. चहा बी पाजतो," असं गल्लीभर आमंत्रण झालं. कुणी फिरकलं नाही. मला वाईट वाटलं, मी कॉलेजात गेलो.

डोळा लावला. सर श्वास रोखून शेजारी उभे. "दिसल्या?"

"निळं काही नाही, सर. काळ्या केसांसारखं काहीतरी आहे. हलतंय."

"तुमच्याच पापण्या हायेत त्या!" सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सुमनला बी पहिल्यांदा पापण्याच दिसल्या व्हत्या. तिनं तर त्यांचं चित्र काढलं न् म्हणली, घ्या तुमच्या पेशी!"

सुमनवहिनी, त्यांची बायको, मागच्या दिवाळीआधी गेल्या.

सरांनी चाक फिरवलं. मग मला दिसली: निळीशार पेशी, चारी बाजूंनी बारीक फांद्या फुटलेली. फार देखणी होती. तसं मी म्हणालोही.

सरांनी दुसरं स्टूल ओढलं आणि वहिनींबद्दल बोलत बसले. पेशींबद्दल एक अक्षर नाही. मी उठायला लागलो की म्हणायचे, "बसा हो, जल्दी काय हाये? अजून एक काप दाखवतो." आणि दाखवायचं विसरून जायचे.