अकरा माणसं आणि माझी चार पानं

आमची कंपनी विकली गेली, तेव्हा अकरा जणांत सगळ्यात निर्धास्त मी होतो. टाकी भरली की वाजणारा भोंगा बनवायचो आम्ही. काका सोल्डरिंग करायचे, ताई तक्रारींचे फोन घ्यायच्या. मी काय करतो हे मात्र कुणालाच नीट सांगता यायचं नाही. म्हणजे मी सगळंच करतो, असा माझा साधा हिशेब होता.

विकत घेणारी कंपनी एवढी मोठी, की त्यांच्याकडे नुसत्या खुर्च्या मोजायला वेगळा माणूस! तो आला, मोजून गेला. जाताना म्हणाला, "एक जास्त आहे."

तो खुर्चीबद्दल बोलत होता. पण दुपारपर्यंत ते माणसाबद्दल झालं आणि काकांनी डबा उघडलाच नाही.

आम्ही मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "माझ्या सह्या झाल्यात. आता मलाच आत येताना रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं."

मग नव्या कंपनीच्या मॅडम आल्या. प्रत्येकाला एक कागद दिला : आपण काय काम करता? काकांनी लिहिलं, 'भोंगे जोडतो.' मी पुरवण्या जोडून चार पानं लिहिली. खरेदी बघतो, जोडणी तपासतो, तक्रारी निस्तरतो. हात आखडता घेण्यात अर्थ नव्हता.

दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं.

"तुमचा फार उपयोग झाला. बाकीची दहा माणसं कशाला ठेवलीत, हेच आम्हाला कळत नव्हतं. तुम्ही एकटेच सगळं करता."

"तसं नाही, मॅडम."

"मग हे खोटं लिहिलंय?"

"तसंही नाही."

बाहेर आलो, तर दाराशी काका उभे. पातळ दारं होती आमची.

"तू जोडणी तपासतोस?" त्यांनी विचारलं. "कधी?"

"लांबून," मी म्हणालो.

काका वळले. चष्मा पुसत जागेवर जाऊन बसले. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं? त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी मॅडमना पत्र लिहायला बसलो. काकांनी जोडलेला भोंगा कधी परत आलेला नाही. ताई भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला असं गार करतात, की तो जाताना आणखी एक भोंगा घेऊन जातो. एकेकाबद्दल लिहिताना मलाच नवल वाटत होतं, इतकी कामाची माणसं! शेवटी लिहिलं, 'पहिल्या चार पानांतली सगळी कामं खरं तर हे दहा जणच करतात.'

बायकोला वाचून दाखवलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

"ते वेगळं सांगायला नको. दिसतंच की."

शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांसमोर निकाल सांगितला. दहाही जणांना कायम केलं होतं. ताई मटकन खाली बसल्या. काकांनी डोळे टिपले.

"आणि अकरावा?" मी विचारलं.

"तुमचं पत्र आम्ही शब्दशः मानलं," मॅडम म्हणाल्या.

निरोपाच्या दिवशी काकांनी माझे दोन्ही हात धरले. "आमच्यासाठी तू स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडलंस." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मीही खुलासा केला नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी मॅडमचा फोन आला. आवाजात अजिजी होती.

"ऑफिसचं मुख्य दार उघडत नाहीये. सगळे बाहेर उभे आहेत. काका म्हणतात, ते तुम्हालाच जमतं."

मी फोन कानाला लावूनच इस्त्रीचा शर्ट चढवायला घेतला. "वीस मिनिटांत पोचतो."

"नको नको, फोनवरच सांगा."

मी सांगितलं. कडी वर उचलायची, खांदा लावायचा आणि किल्ली उलटी फिरवायची. पलीकडे धाडकन आवाज झाला, मग दहा माणसांचा आनंदाचा गलका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

"काय हो, कुणाचा फोन?" बायकोनं आतून विचारलं.

"ऑफिसचा," शर्टाची बटणं काढत मी म्हणालो. "हल्ली सल्लागार म्हणून घेतलंय मला."