गट ‘ब’ने लेस बांधायची नाही

बुटाची लेस बांधायला शिकवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. विशेष मुलांच्या शाळेत बावीस वर्षं काढली आहेत मी. म्हणून पीएचडीलाही तोच विषय घेतला: पाच पायऱ्यांत लेस. सासूबाई म्हणाल्या, "या वयात लेस बांधायला शिकणार?" घरातून मिळालेला पाठिंबा एवढाच.

पण पीएचडीत नुसतं शिकवून भागत नाही. गाइडसर म्हणाले, "बाई, तुमच्या पद्धतीने मुलं शिकतात हे दाखवायचं, तर तिच्याशिवाय ती शिकत नाहीत हेही दाखवावं लागेल." मग चिठ्ठ्या टाकून वर्गातल्या बारा मुलांचे दोन गट केले. गट ‘अ’ला लेस शिकवायची. गट ‘ब’ला वर्षभर शिकवायची नाही, त्यांनी शेजारच्या खोलीत चित्रं रंगवायची. वर्षाअखेर दोन्ही गटांची चाचणी. न शिकवण्याचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. तेही मी मन लावून केलं.

आठव्या महिन्यात गट ‘ब’मधली चिमणी मला नळाजवळ भेटली. तेरा वर्षांची पोर, बोलणं तोडकंमोडकं, हसणं मात्र पुरेपूर. तिने ऐटीत एक पाय पुढे केला. लेस बांधलेली होती. दोन्ही फासे सारखे, गाठ घट्ट.

दुसरी कुणी बाई असती तर तिने पोरीला हाताला धरून शाळाभर मिरवलं असतं. मी विचारलं, "कुणी शिकवलं?"

चिमणीने मुकादमाकडे बोट दाखवलं. मुकादम म्हणजे गट ‘अ’मधली मुलगी, सगळ्या वर्गावर हुकूम सोडणारी. मधल्या सुट्टीत ती चिमणीकडून माझ्या पाचही पायऱ्या घोटून घेत होती. माझ्याच आवाजात, आणि चुकलं की माझ्यासारखाच कपाळावर हात मारून.

संध्याकाळी चिमणीच्या आईचा फोन. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? आज तिने स्वतः बूट घातले. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना दाखवून आली."

"घरी बांधू देऊ नका," मी म्हटलं. "चाचणी होईपर्यंत."

मग आईने हळूच विचारलं, "तिचं काही चुकलं का?"

इथेच मी गप बसायला हवं होतं. पण सात वर्षं घातली होती, शेवटची मुदतवाढ चालू होती, आणि माणसाची मती फिरली की फिरते. मी फर्मान काढलं: गट ‘ब’ने चपला घालून यायचं. मुकादमाला काय फरक पडतो? तिने पडद्याच्या दोऱ्या घेतल्या, शाळेतल्या मावशींच्या ॲप्रनचे बंद घेतले. आठवडाभरात गट ‘ब’ची सहाच्या सहा मुलं दिसेल ते बांधायला लागली. एकदा मावशी खुर्चीसकट उठल्या.

नेमके त्याच आठवड्यात गाइडसर पाहणीला आले. गट ‘ब’च्या बुटक्या टेबलाशी बसून त्यांनी अर्धा तास टिपणं काढली, "छान, छान," म्हणत उठले आणि सरळ आडवे झाले. त्यांच्या दोन बुटांची एकमेकांत गाठ होती. पाचव्या पायरीपर्यंत बिनचूक. सहाही मुलं टाळ्या पिटत होती.

"गट कुठला हा?" सरांनी जमिनीवरूनच विचारलं.

"ब."

"मग नवी मुलं घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. नाहीतर चाचणीत या गटाला लेस येता कामा नये. कसं, ते मला सांगू नका."

मी नवी मुलं घेतली नाहीत. पुढचा महिनाभर गट ‘ब’ला एकच धडा दिला: लेसला हात लावत नाही तो शहाणा. शहाण्याला तळहातावर एक चिकटवायची चांदणी. पाच पायऱ्यांची गरजच पडली नाही, चार दिवसांत सगळे शिकले. चाचणीत गट ‘अ’ सहापैकी सहा, गट ‘ब’ शून्य. परीक्षक म्हणाले, इतका स्वच्छ निष्कर्ष फार दिवसांनी पाहिला.

चाचणी आटोपल्यावर मी चिमणीला पुन्हा लेस शिकवायला बसले. तिने हात पाठीमागे घेतले ते पुढे आणलेच नाहीत. महिनाभराने आईने तिला बिनलेसचे, चिकटपट्टीचे बूट आणले.

पीएचडी मिळाली तेव्हा शाळेत माझं कौतुक करायचं ठरलं. त्या दिवशी सत्काराच्या टेबलापाशी जाताना माझ्याच बुटाची लेस सुटली. पहिल्या रांगेत चिमणी होती. तिला ती आधी दिसली. ती पटकन वाकली, हात लेसपर्यंत आला आणि तिथेच थबकला. मग तिने तो मागे घेतला.

"मी नाही हात लावत, बाई," ती म्हणाली. "मी शहाणी."

आणि चांदणीसाठी तळहात पुढे केला.

मी पर्स चाचपली. चांदणी नव्हती. पदवीचं प्रमाणपत्र होतं, पण ते काही चिकटत नाही.