उकडलेली सळी

आमच्या शेजारचे म्हात्रेकाका सळ्या उकडतात. आपण बटाटे उकडतो तशाच. पातेल्यात पाणी, वर झाकण, अर्धा तास. एकदा आमच्या पाहुण्यांदेखत झाकण उचलून "झाली वाटतं" म्हणाले आणि पाहुणे चहा न घेताच उठले.

काका लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. रिटायर झाले, काकू गेल्या, तपासणी काही सुटली नाही. रोडपालीतल्या आमच्या सोसायटीत दोरी बांधायचा हूकसुद्धा त्यांच्या पातेल्यातून पास झाल्याशिवाय भिंतीत जात नाही.

गच्चीवर नव्या टाकीचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराने टेम्पोत मावाव्यात म्हणून सळ्या दुमडून आणल्या आणि चार महिने तशाच टाकून ठेवल्या. मग त्याची माणसं त्या ठोकून सरळ करू लागली. काकांनी एक तुकडा मागून घेतला, वाकवला, उकडला आणि जिन्याच्या कठड्यात अडकवून परत सरळ करायला घेतला. कट्कन दोन तुकडे.

"अहो काका, पडून राहिली की सळीची ताकद उलट वाढते!" कंत्राटदार म्हणाला.

"वाढते ना! वाकवून पडून रायली का कडक होते. पन मंग ती वाकायची नाय, सांगायची नाय, डायरेक मोडायची. तिचं म्हैन्यांचं म्हातारपन उकळत्या पान्यात अर्ध्या तासात कळतं."

माल परत गेला. जाताना कंत्राटदाराने "फोडणी कशाची घालता?" एवढं विचारून घेतलं.

माणसांनाही हाच नियम. माझ्या मेहुणीच्या लग्नात तिच्या सासूबाईंकडे बघून माझ्या कानात म्हणाले, "कडक हाय. उकडून बगाला पायजे." ते तीन रांगांना ऐकू गेलं.

महिन्यातल्या एका शनिवारी मात्र काका गोळ्यांची पिशवी घेऊन सकाळीच स्कूटरवरून गायब होतात. आमच्या मजल्याने त्यांचं दुसरं लग्न लावूनही टाकलं होतं. एकदा स्कूटर बिघडली म्हणून मीच त्यांना माझ्या बाइकवर नेलं. चिरनेरच्या अलीकडे एक छोटी शाळा होती. काका चिंचेखाली उभे राहून ओरडले, "या रे भायेर!" पोरं धावली. गोळ्या शाळेच्या पटाइतक्याच मोजून आणलेल्या.

"आत कोन नाय ना?" काकांनी दोनदा विचारलं. मग एकटेच व्हरांड्यात गेले आणि वरच्या स्लॅबकडे बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालले.

परतताना म्हणाले, "पोरीचं बारसं होतं. ट्रक उभा होता. सळ्यांचा एक लॉट न उकडताच सही केली. तो या शाळेच्या स्लॅबात गेला."

"किती वर्षं झाली?"

"त्या पोरीला आता पोर हाय."

"मग काका, एवढी वर्षं उभी आहे की शाळा!"

"हां. पन ती सळी मी उकडली नव्हती ना."

दुसऱ्या लग्नाच्या गप्पांत मीही होतो. मला फार लाज वाटली. मागे पिशवीची खुडबूड ऐकू आली.

"थांब रे. दोन गोळ्या उरल्यात," काका म्हणाले. "दोन पोरं आज आलीच नाय, का आत बसली होती? बाईंना इचारून येऊ."

मी बाइक वळवली.